लाईट गेली, आता माशांचं काय? वादळाच्या रात्रीचा ऑक्सिजनचा हिशेब



मत्स्यपालनाच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेलो होतो, "मासे आणण्याआधी लाईट गेल्यावर काय करणार ते ठरवा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, नक्की काय ठरवायचं? जनरेटर केवढा घ्यायचा? इन्व्हर्टरवर भागेल का? आमचं शेततळं आहे, आम्हाला याची गरज आहे का? व्हिडिओत हा हिशेब भरभर झाला, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. वाचून सोडून देण्याचा हा विषय नाही, स्वतःचे आकडे घालून बघण्याचा आहे.

पण हिशेबाआधी एका रात्रीची गोष्ट सांगतो.

तौक्ते वादळाची ती पहाट

मे २०२१. रत्नागिरी जिल्ह्यातला आमचा एक विद्यार्थी. लॉकडाऊनमध्ये मुंबईतली नोकरी सुटली, गावी आला आणि घरामागच्या जागेत बायोफ्लॉकच्या ४ टाक्या उभ्या केल्या, प्रत्येकी १०,००० लिटरच्या. मुलगा हुशार. रोजचं खाद्य, पाण्याचं तापमान, माशांचं वजन, सगळं वहीत लिहिणारा. मेमध्ये मासे विक्रीला आले होते. व्यापारी ठरला होता, २ दिवसांत गाडी येणार होती.

१६ मेला तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगत वर सरकत होतं. दिवसभर लाईट येत-जात होती. त्याच्याकडे जनरेटर होता, डिझेल होतं. लाईट गेली की जनरेटर, आली की पुन्हा लाईटवर, असं त्याने आदल्या रात्रीपासून चालवलं होतं. रात्री उशिरा लाईट आली आणि टिकली. त्याने ब्लोअर लाईटवर घेतला, जनरेटर बंद केला आणि जरा आडवा झाला.

पहाटे लाईट पुन्हा गेली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की ब्लोअरचा आवाज थांबलेला त्याला कळलंच नाही. जाग आली तेव्हा ५० मिनिटं होऊन गेली होती. जनरेटर ५ मिनिटांत सुरू झाला, पहिल्याच झटक्यात. सकाळी ७ वाजता मला फोन आला, "सर, जनरेटर चालू आहे. पण मासे नाहीत."

२ टाक्या पूर्ण गेल्या होत्या, उरलेल्या दोनमध्ये निम्म्याहून जास्त.

यात चूक माझीही होती. प्रशिक्षणात मी त्याला जनरेटर घ्यायला सांगितलं होतं. लाईट गेल्याचं झोपेत कळणार कसं, हे मी सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या टाकीला लाईटशिवाय किती मिनिटं मिळतात, हा हिशेब आम्ही दोघांनीही कधी मांडला नव्हता.

आता गंमत बघा. त्याच वाडीत त्याच्या काकांचं तळं होतं. तिथे लाईट नाही, ब्लोअर नाही, काहीच नाही. वादळ आलं, गेलं, काकांचे मासे जसेच्या तसे. लोक म्हणाले नशीब. नशीब नव्हतं, तो सरळ हिशेब होता. तोच आता बघू.

मासे विजेवर जगत नाहीत

मासे जगतात पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. वीज हे तो ऑक्सिजन पाण्यात घालण्याचं एक साधन आहे, एवढंच. म्हणून "लाईट किती वेळ जाईल?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "माझ्या पाण्यात आत्ता शिल्लक किती आणि खर्च किती?" दुकानदाराला गल्ला कळतो ना, तसंच हे.

शिल्लक फार थोडी असते. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पण ३० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. पाणी जितकं गरम तितका कमी. म्हणजे मे महिन्यात, वादळाच्या मोसमात, तुमचा गल्ला आधीच लहान असतो.

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी ढोबळ खुणा अशा लक्षात ठेवा:

- लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर: मासे मजेत, खातात, वाढतात.
- ३ च्या खाली: ताण. खाणं सोडतात, सुस्त होतात.
- २ च्या खाली: जिवावर बेतलं. जितका वेळ जास्त तितकी मर जास्त.

खर्च करणारे चौघे. मासे तर आहेतच. दुसरे पाण्यातले जीवाणू. बायोफ्लॉकमध्ये तर फ्लॉक म्हणजे जीवाणूंचीच वसाहत. तिसरं शेवाळ, जे दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री स्वतःच खातं. आणि चौथा तळाचा गाळ. आपण विचार फक्त माशांचा करतो, बाकी तिघे उधारीवर जेवत असतात आणि बिल माशांच्या नावावर फाडतात.

तुमची मिनिटं मोजा

सूत्र सोपं आहे. लिटरमधलं पाणी भागिले १,००० केलं की घनमीटर मिळतात. मग:

वापरता येणारा ऑक्सिजन (ग्रॅम) = (आत्ताचा ऑक्सिजन वजा २) गुणिले घनमीटर.

ताशी खर्च (ग्रॅम) = माशांचे किलो गुणिले ०.३, अधिक घनमीटर गुणिले पाण्याचा स्वतःचा ताशी खर्च.

पाण्याचा स्वतःचा खर्च चालू बायोफ्लॉकमध्ये घनमीटरला ताशी ६ ग्रॅमच्या आसपास धरा. खाद्य घातलेल्या, हिरव्या पाण्याच्या तळ्यात ०.२ धरा. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या पाण्यात कमी-जास्त होतील. पण ढोबळ हिशेबसुद्धा डोळे उघडतो.

आमच्या विद्यार्थ्याची एक टाकी घेऊ. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर. मासे २०० किलो. ऑक्सिजन ६.

वापरता येणारा: (६ वजा २) गुणिले १० = ४० ग्रॅम.
ताशी खर्च: माशांचा ६० ग्रॅम, पाण्याचा ६० ग्रॅम. एकूण १२० ग्रॅम.
४० ग्रॅम किती पुरतील? २० मिनिटं.

वीस मिनिटं, मित्रांनो. तो ५० मिनिटांनी उठला.

आणखी एक गोष्ट बघा. फ्लॉकचा खर्च माशांच्या बरोबरीने आहे. म्हणजे निम्मे मासे विकून टाकले, तरी खर्च १२० वरून ९० वर येतो आणि मिनिटं २० वरून फक्त २७ होतात. पण निम्मे मासे विकले आणि निम्मा फ्लॉकही बसवून खालून काढून टाकला, तर खर्च ६० ग्रॅम होतो आणि मिनिटं ४०. दुप्पट! वादळाचा इशारा आला की बायोफ्लॉकवाल्यांनी काय करायचं, याचं उत्तर या आकड्यातच आहे.

आता शेततळं घेऊ. २० बाय २५ मीटर, दीड मीटर पाणी, म्हणजे ७५० घनमीटर. मासे ३०० किलो. संध्याकाळी ६ वाजता ऑक्सिजन ६.

वापरता येणारा: ४ गुणिले ७५० = ३,००० ग्रॅम.
ताशी खर्च: माशांचा ९०, पाण्याचा १५०. एकूण २४०.
पुरेल साडेबारा तास. म्हणजे कसंबसं उजाडेपर्यंत.

"मग झालं की सर, उजाडलं की ऊन पडेल!" नाही ना. वादळानंतर आभाळ भरलेलंच असतं. ऊन नाही तर शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही. दिवसभरात गल्ला भरलाच नाही आणि संध्याकाळी ऑक्सिजन ४ वरच राहिला, तर शिल्लक १,५०० ग्रॅम. २४० ने भागा: सव्वासहा तास. म्हणजे रात्री सव्वाबाराला तळं धोक्यात.

म्हणून माझं शेततळेवाल्यांना सांगणं आहे, तळ्यात पहिली रात्र सहसा निभावते, मारते ती दुसरी किंवा तिसरी. वादळात वारा पाणी घुसळतो, लाटा उठतात, हवा मिसळते. नंतर वारा पडतो, आभाळ तसंच, लाईट अजून आलेली नाही, आणि आपण "सुटलो बुवा" म्हणून झोपतो. घात तिथे होतो.

त्यात भर म्हणजे थंड पाऊस. वरचं पाणी एकदम थंड झालं की जड होऊन खाली जातं आणि तळाचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं. तळ पलटणं म्हणतात ते हेच. खोल आणि गाळ साठलेल्या तळ्यात याची भीती जास्त.

आणि काका? तेवढंच ७५० घनमीटरचं तळं धरा. मासे १०० किलो, खाद्य जवळजवळ नाही, पाणी हिरवंगार नाही, म्हणून पाण्याचा खर्चही निम्मा. ताशी ३० अधिक ७५, म्हणजे १०५ ग्रॅम. पुरेल २८ तासांच्या वर. काकांचं उत्पन्न पुतण्याच्या मानाने काहीच नाही, हेही खरं. पण मुद्दा समजून घ्या: घनता वाढवली की नफा वाढतो आणि मिनिटं कमी होतात. दाट मासे सोडणं म्हणजे मिनिटं विकून नफा घेणं. तो जरूर घ्या, पण विकलेली मिनिटं बॅकअपने परत विकत घ्यावी लागतात. आपली गडबड इथेच होते. नफा घेतो आणि हे विसरतो.

मिनिटांप्रमाणे बॅकअप निवडा

ज्यांची मिनिटं एका तासाच्या आत आहेत, म्हणजे बायोफ्लॉक आणि दाट टाकीवाले, त्यांना तीन गोष्टी लागतातच.

१. इशारा. लाईट गेली की वाजणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा सायरन. इलेक्ट्रिकच्या दुकानातला कारागीर करून देतो, फार खर्च नाही. तो शेडमध्ये नको, उशाशी हवा. आणि एक लक्षात ठेवा, लाईट असतानाही ब्लोअर जळू शकतो किंवा पाईप निसटू शकतो. म्हणून जमल्यास हवेच्या दाबावर चालणारा सायरनही लावा.

२. आपोआप सुरू होणारी बॅटरी. तुम्ही उठून जनरेटर सुरू करेपर्यंतचा पूल म्हणजे बॅटरी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हाती साधारण ८५० धरा. १०० वॅटचा एअर पंप त्यावर ८ तास चालेल. ७५० वॅटचा ब्लोअर लावलात तर तासाभरातच संपेल, आणि सुरू होताना मोटर जो झटका घेते त्याने इन्व्हर्टर मुळात उचलणारच नाही असंही होतं. म्हणून संकटकाळासाठी लहान एअर पंप आणि एअर स्टोन वेगळे ठेवा. यावर मासे वाढायचे नाहीत, फक्त तगायचे आहेत.

३. जनरेटर. ब्लोअरच्या मोटरच्या वॅटेजपेक्षा दोन ते तीनपट क्षमतेचा घ्या, नाहीतर सुरुवातीच्या झटक्याला तो गुदमरतो. विकत घेताना दुकानात बल्ब लावून बघू नका, स्वतःचा ब्लोअर नेऊन जोडून बघा.

चौथी गोष्ट ऐच्छिक, पण कामाची: ऑक्सिजन सिलिंडर. मत्स्यबीज केंद्रावर बोटुकलीच्या पिशव्या भरायला वापरतात तोच. मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ९ किलोच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि त्याला वीज लागतच नाही. बारीक बुडबुड्यांचा डिफ्युझर लावा, मोठे बुडबुडे नुसते वर येऊन फुटतात आणि ऑक्सिजन वाया जातो. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, जवळ विडी-सिगारेट नको.

ज्यांची मुदत तासांमध्ये आहे, म्हणजे शेततळेवाले, त्यांना एवढं सगळं नको. घरात नाहीतर शेजाऱ्याकडे असलेलं डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टरवर चालणारा पंप पुरतो. पाणी तळ्यातूनच उचला आणि कारंज्यासारखं पसरून तळ्यातच पाडा. पण फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका. तळाचं घाण पाणी वर आणलंत तर फायद्याऐवजी नुकसान. वरच्या थरातलं पाणी उचला, पंप मध्यरात्रीपासून ऊन वर येईपर्यंत चालवा. डिझेल कमी असेल तर दिवसा वाचवा, पहाटे वापरा. सगळ्यात कमी ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी असतो.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडणार असाल तर थेट पाईप बुडवून सोडू नका. जमिनीतल्या पाण्यात ऑक्सिजन फारच कमी असतो. भोकं पाडलेल्या पत्र्यावरून किंवा करंड्यांच्या थरांवरून खळखळत पडू द्या.

मासा कोणता निवडता, हाही बॅकअपच आहे. पंगस पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो, त्यामुळे तो कमी ऑक्सिजनमध्ये जास्त तग धरतो. कटला त्या मानाने नाजूक. ज्या गावात लाईटचा भरवसाच नाही, तिथे पहिल्या वर्षी कोणती जात घ्यायची याचा विचार यावरून करा. पण कोणी चिवट मासा म्हणून थाई मांगूर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे.

इशारा आला: पुढचे ४८ तास

हवामान खात्याचा इशारा साधारण दोन-तीन दिवस आधी मिळतो. त्या वेळेचा उपयोग करा.

- खाद्य बंद करा. निदान २४ तास आधी. खाल्लेलं पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो आणि उरलेलं खाद्य जीवाणूंना मेजवानी. मासे दोन-चार दिवस उपाशी राहिल्याने मरत नाहीत. "बिचारे उपाशी राहतील" म्हणून मूठभर टाकणं, हीच वादळातली सर्वात मोठी चूक.
- बायोफ्लॉकमध्ये गूळ किंवा मळी घालणं बंद. गूळ घातला की जीवाणू एकदम वाढतात आणि ऑक्सिजन ओढतात. जादा फ्लॉक बसवून खालच्या व्हॉल्व्हने काढून टाका.
- विक्रीला आलेला माल विका. किलोमागे १० रुपये कमी मिळाले तरी चालतील. आमच्या विद्यार्थ्याने २ दिवसांनी येणाऱ्या गाडीची वाट बघितली होती.
- जनरेटर अर्धा तास लोडवर चालवून बघा. नुसता घरघर आवाज ऐकून बंद करू नका. ताशी किती डिझेल पितो ते मोजा. ताशी एक लिटर पीत असेल तर दोन दिवसांना ४८ लिटर. लाईट गेली की पेट्रोल पंपही बंद पडू शकतो, म्हणून आधी आणा. जनरेटरपासून लांब, बंद कॅनमध्ये ठेवा.
- शेततळ्याच्या सांडव्याला जाळी घट्ट बांधा, पालापाचोळा काढा. जाळी तुंबली तर पाणी बांधावरून जाईल आणि मासे ओढ्यात.
- रात्रपाळी ठरवा. एकट्याने दोन रात्री जागणं कुणालाच जमत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला जनरेटर सुरू करता आलाच पाहिजे. बायको, आई, भाऊ, कुणीही. आज शिकवा.

आणि हे दोन तासांचं प्रकरण समजू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगडमधल्या काही गावांत लाईट यायला आठवडे लागले. कोकणात नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. मे महिन्यातला एक वळवाचा पाऊस झाड पाडून डीपी बंद करायला पुरेसा असतो.

त्या रात्री

मासे बोलत नाहीत, पण दाखवतात. पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, हवा भरलेल्या किंवा पाणी पडणाऱ्या जागी गोळा झाले, चाहूल लागली तरी खाली पळेनात, की समजा दोनच्या आसपास आलात. कटला बहुधा आधी दिसतो. डीओ मीटर असेल तर दर तासाला मोजून लिहा. नसेल तर बॅटरीच्या उजेडात बघत राहा.

हातात काहीच नसेल तर? टाकी असेल तर बादलीने पाणी उचलून उंचावरून ओता, घरच्यांनी आळीपाळीने. तळं असेल तर काठावरून बांबूने पाणी झोडपा. दमवणारं काम आहे, पण पहाटेचे दोन तास असे निघाले तरी मासे वाचू शकतात. दुकानात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या गोळ्या किंवा पावडर घरात असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच टाका. ती थोडा वेळ देते, रात्र काढून देत नाही.

आता जे सांगतोय ते माशांपेक्षा महत्त्वाचं आहे. मासे पुन्हा आणता येतात.

- प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात रात्री उतरू नका. ओल्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही, पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. गाठी मारलेला दोर काठाला कायम बांधलेला हवा. तळ्यावर एकट्याने जाऊच नका.
- जनरेटर बंद खोलीत किंवा घराच्या पडवीत चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता माणूस मारतो.
- जनरेटरची वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसून वीज देऊ नका. ती उलटी खांबावर जाते आणि तिथे काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.
- ओल्या हाताने, पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावू नका. शेडला ईएलसीबी हवाच.

सकाळी आणि त्यानंतर

बायोफ्लॉकमध्ये हवा बराच वेळ बंद राहिली असेल तर फ्लॉक तळाला बसून सडायला लागलेला असतो. अशा वेळी ब्लोअर एकदम पूर्ण जोरात सुरू केला तर ती सगळी घाण पाण्यात मिसळते आणि वाचलेले मासेही जातात. आधी खालच्या व्हॉल्व्हने बसलेला गाळ काढा, थोडं पाणी बदला, आणि हवा हळूहळू वाढवा. अमोनिया तपासा.

मेलेले मासे लगेच बाहेर काढा, खड्ड्यात चुना टाकून पुरा. फुगलेला मासा बाजारात नेऊ नका. एक दिवसाचे चार पैसे मिळतील, पण गिऱ्हाईक कायमचं जाईल. पुरण्याआधी वजन करा, तारखेसह फोटो काढा, वहीत लिहा आणि जिल्ह्याच्या साहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात व तलाठ्याला कळवा. विमा असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी. पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगण्याला किंमत नसते, नोंदवहीला असते.

वाचलेल्या माशांना निदान एक दिवस खाद्य नको. मग निम्म्यापासून सुरुवात.

बॅकअप परवडतो का?

आता धंद्याचं बोलू. समजा सायरन, बॅटरी, लहान पंप आणि वापरलेला जनरेटर मिळून तुम्हाला ६०,००० रुपये खर्च आला. ५ वर्षं चालेल, वर्षाला २ वेळा माल निघेल, म्हणजे १० वेळा. प्रत्येक वेळी ६,००० रुपये. ४ टाक्यांत ८०० किलो मासे. किलोमागे साडेसात रुपये.

समोर काय आहे? ८०० किलो, समजा १२० रुपये किलो, म्हणजे ९६,००० रुपये. एका पहाटे.

नवउद्योजकांचा प्रकल्प अहवाल मी बघतो तेव्हा त्यात टाकी असते, ब्लोअर असतो, बीज असतं, खाद्य असतं. बॅकअप "पुढे बघू" मध्ये असतो. तो पहिल्या पानावर घ्या. ते साडेसात रुपये सोसत नसतील, तर त्या घनतेने मासे पाळणं तुम्हाला परवडत नाही. मासे कमी सोडा किंवा टाक्या कमी करा. हे मासे आणण्याआधी कळलं, तर तो तोटा नाही, वाचलेलं भांडवल आहे.

आणि बॅकअप बसवला म्हणजे झालं असंही नाही. रंगीत तालीम करा. एखाद्या दिवशी सकाळी ११ वाजता, सगळे घरी असताना, मेन स्विच स्वतः बंद करा. सायरन वाजला का? बॅटरी आपोआप लागली का? जनरेटर किती मिनिटांत सुरू झाला? मग एका टाकीची हवा बंद ठेवून, समोर उभं राहून, ऑक्सिजन ६ वरून ३ वर यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. तीनला हवा सुरू करा. तो आकडा तुमचा खरा आकडा. माझा ढोबळ हिशेब खोडा आणि तो लिहा, मोठ्या अक्षरात, शेडच्या दारावर.

आमच्या विद्यार्थ्याने धंदा सोडला नाही. पुढच्या वेळी चारऐवजी २ टाक्यांतच मासे टाकले, उरलेल्या पैशात बॅटरी आणि सायरन घेतला. सायरन त्याच्या उशाशी आहे. त्याची आई कुरकुर करते, लाईट जरा गेली की सगळं घर जागं होतं म्हणून. तो म्हणतो, "होऊ दे जागं."

तुमच्या शेडच्या दारावरचा आकडा किती आला, ते मला व्हिडिओखाली नक्की लिहा. पावसाळ्याआधी लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, आणि कामाला लागा!